कोपऱ्यातलं घड्याळ

त्याला सगळे हुशार म्हणायचे. नाव आईने ठेवलं. लहानपणी त्याने घरातला रेडिओ उघडला होता तेव्हा. रेडिओ पुन्हा वाजला नाही, नाव मात्र कायमचं चिकटलं.

हुशारला सॉफ्टवेअरमध्ये मोठं व्हायचं होतं. पहिल्या नोकरीत त्याने चाचणीचा मेसेज खऱ्या ग्राहकांना पाठवला. 'टेस्ट, टेस्ट, ऐकू येतंय का?' कित्येकांनी 'हो' असं उत्तरही दिलं. संध्याकाळी त्याच्या हातात नारळ. दुसरी कंपनी त्याने हात लावायच्या आतच बुडाली. मग तो ताईकडे राहायला आला.

ताईच्या नवऱ्याचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं. हुशारला तिसरी नोकरी लागली, तेव्हा भावोजी ताटावरून मान वर न करता म्हणाले, "ही गेली की दुकानात यायचं. ॲसिडचे हातमोजे आणून ठेवलेत."

हुशार त्या हातमोज्यांना घाबरायचा.

नव्या कंपनीत तो दातांच्या दवाखान्यांसाठी ॲप बनवत होता. रुग्णाने फोनवरून वेळ निवडायची. दोघांनी एकच वेळ निवडली की ॲप आडवं पडायचं. आणि सोमवारी सकाळी डेमो. तो जमला तर नोकरी कायम, नाहीतर हातमोजे.

चूक शोधायला डोकं लागलं असतं. हुशारने ते वाचवलं. रविवारी संध्याकाळी ॲप एकदाचं सुरळीत चाललं, तेवढ्यात त्याने स्क्रीनचा व्हिडिओ काढून घेतला. मोठ्या पडद्यावर हाच लावायचा आणि आपण नुसता माउस हलवायचा. जेवणाच्या टेबलावर त्याची तालीम सुरू झाली. व्हिडिओतला बाण डावीकडे गेला की हुशारचा हात डावीकडे.

ताई भाजी निवडता निवडता बघत होती.

"हे काय रे, बाहुलीचा खेळ?"

"डेमो आहे, ताई. सगळे असंच करतात."

"सगळे करतात म्हणून तू कर. आपली अक्कल कशाला खर्चायची?"

सोमवारी डॉक्टरबाई आल्या. गावभर त्यांचे दवाखाने. साहेब त्यांच्या शेजारी हात चोळत बसले. हुशारचा हात व्हिडिओबरोबर मुकाट फिरत राहिला. सगळं लोण्यासारखं चाललं होतं.

"आता माझं नाव टाका बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

हुशारने माउस नावाच्या रकान्याकडे ओढला. पडद्यावरचा बाण मात्र आपल्या वाटेने चाललेला.

"नेटवर्क जरा..."

"नेटवर्क राहू द्या. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजलेत. इथे अजून सकाळच आहे ना?"

साहेबांना खोकला आला. हुशारला ॲसिडचा वास आला.

आणि डॉक्टरबाई हसल्या. "घाबरू नका हो. माझ्या दवाखान्यात 'उपचारानंतर'चे फोटो लावलेत ना, ते दात आमच्या रुग्णांचे नाहीतच. तुमचं ॲप दिसायला छान आहे. बाकी चालेल हळूहळू."

साहेबांचा खोकला तिथल्या तिथे बरा झाला. व्यवहार ठरला. हुशार कायम झाला. त्याच्यासाठी नवं पद निघालं: डेमो प्रमुख.

ॲप सुरू झालं त्या दिवशी एकाच खुर्चीसाठी दोन सुजलेले गाल भांडत होते. तक्रारी दुसऱ्या विभागाकडे गेल्या. हुशारचा त्या विभागाशी काय संबंध?

आता तो कॉलेजांमध्ये भाषणं देतो. विषय: अपयशावर मात. परवा ताईही ऐकायला गेली होती. एका मुलीने विचारलं, "सर, अपयशातून तुम्ही काय शिकलात?"

"बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष द्यायला," हुशार गंभीरपणे म्हणाला.

टाळ्या पडल्या.

परतताना ताईने विचारलं, "काय रे, त्या ॲपमधली चूक सापडली का शेवटी?"

"कुठली चूक?" हुशार म्हणाला. "रेकॉर्डिंग करताना मी आता घड्याळ झाकतो."

ताईने भावोजींना फोन लावला. "अहो, ते हातमोजे दुसऱ्या कुणाला देऊन टाका. याला नाही लागायचे. तुमच्या दुकानात बॅटरी खरोखर चार्ज करावी लागते."