तीनची प्लेट

भाग्यश्री कळंबे नेमकं काय काम करते, हे तिच्या सासूबाईंनाही धड सांगता येत नाही. "आमची सून कंप्युटर दुरुस्त करते," असं त्या बिनदिक्कत सांगून मोकळ्या होतात आणि मग पांढुर्ण्याच्या त्या गल्लीतले लोक बंद पडलेले प्रिंटर काखोटीला मारून दारात हजर होतात. भाग्यश्री तेही दुरुस्त करून देते. नाही म्हणायला ती शिकलीच नाही.

तिचं खरं काम वेगळं. पूल असो, पंप असो की मशीनचा सांगाडा असो, तो बनवण्याआधी आजकाल इंजिनिअर संगणकात उभा करतात आणि त्याच्यावर खोटंखोटं वजन टाकून पाहतात. सॉफ्टवेअर त्या वस्तूचे हजारो बारीक तुकडे करतं, तिच्यावर जाळी विणल्यासारखं, आणि एकेका तुकड्याचा हिशोब मांडतं. कधीकधी हा हिशोब अडकतो. पडद्यावर लाल अक्षरं येतात, पुण्याचा किंवा कोइमतूरचा इंजिनिअर डोकं धरून बसतो आणि पांढुर्ण्याला फोन लावतो. लाल अक्षरं दिसली की इतरांचा धीर सुटतो, भाग्यश्रीच्या अंगात मात्र वारं शिरतं. जेवणाचं ताट बाजूला सरकवून ती पदर खोचते आणि चूक सापडेपर्यंत उठत नाही. दहा वर्षांत अशा किती चुका तिने पकडल्या याची गणती नाही, आणि त्यातल्या बहुतेक दुसऱ्यांच्या होत्या.

त्या आठवड्यात काम गावातलंच आलं होतं. संत्र्यांचे व्यापारी गजाननभाऊ यांच्या ओट्यावरून ट्रकमध्ये माल चढवताना लाकडी फळी मोडली आणि एका हमालाचा पाय मुरगळला. गजाननभाऊंनी सौंसरच्या पुंडलिकराव खवस्यांकडून लोखंडी पाटा बनवून घेतला, चार फूट बाय चार फूट. पुंडलिकराव म्हणजे चाळीस वर्षं वेल्डिंगच्या ठिणग्या झेललेला माणूस. पण गजाननभाऊंनी या वेळी हट्टच धरला, "कंप्युटरवर पास झाला तरच माया माणसाइले त्याच्यावर चढू देईन."

भाग्यश्रीने पुंडलिकरावांना फोन करून मापं घेतली. मागे ग्राइंडर किंचाळत होता, त्यातून ते ओरडून सांगत होते, "चार बाय चार! प्लेट तीनची हाय, बाई!" तिने सगळं भरलं, दोन क्विंटलची ढकलगाडी मधोमध ठेवली आणि बटण दाबलं. पाटा मधे पाच इंच खाली गेला. पडदा लालभडक. तिने दोनदा तपासलं, जड मनाने अहवाल लिहिला, "पाटा नापास", आणि दोघांनाही पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजाननभाऊंचा निरोप आला. "पुंडलिकरावच्या मनाले लय लागलं. आजच गॅसनं कापून टाकतो म्हणून राहिले. हा फोटो मी पाहाले गेलो तवाचा, तुमच्या फायलीत लावून घ्या."

फोटोत चार गडी पाटा उचलत होते. चौघांच्याही मानेच्या शिरा फुगलेल्या, एकाचे तर डोळे बाहेर यायचेच बाकी होते. भाग्यश्री फोटोकडे पाहतच राहिली.

सॉफ्टवेअरमध्ये वस्तूचं वजन पाहायची सोय असते. हिशोब पटत नसला की आधी ते पाहायचं, असं ती सगळ्या जगाला शिकवते, आणि स्वतः मात्र पाहिलं नव्हतं. पाहिलं. पाटा भरला पस्तीस किलो.

"आई!" ती ओरडली. सासूबाई लाटणं घेऊनच धावत आल्या. "आई, पस्तीस किलो उचलायले चार गडी लागतात काय?"

"चार कायले? आपण दोघी उचलून टाकू."

लोखंड खोटं बोलत नव्हतं, गडी नाटक करत नव्हते. म्हणजे चूक संगणकातल्या हिशोबात होती! ती एकेक रकाना पुन्हा तपासू लागली. टेकू बरोबर, वजन टाकलंय ते बरोबर, पोलादाचे आकडे बरोबर, जाळीही बारीक. मग उरलं काय? जाडी. तीन. पण तीन काय? तिने न विचारता मिलिमीटर भरले होते, कारण ती ज्यांच्याशी रोज बोलते त्या सगळ्यांचे तीन म्हणजे तीन मिलिमीटरच असतात. आणि सौंसरच्या वर्कशॉपमध्ये तीनची म्हणजे तीन सूत! एका इंचात आठ सूत. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर!

तिने आकडा बदलला. वजन एकशे अकरा किलो. चार गड्यांच्या फुगलेल्या शिरांचा हिशोब जमला! प्लेट तिप्पट जाड झाली की वाकणं तिसऱ्या हिश्शावर येत नाही, तिसाव्या हिश्शावर येतं. पाच इंचांचा खड्डा चार मिलिमीटरवर आला आणि पडदा निळाशार झाला. भाग्यश्रीने खुर्चीत बसल्याबसल्या टाळी पिटली.

मग तिला गॅस कटर आठवला. पुंडलिकरावांना फोन लावला, उचलेनात. पुन्हा लावला. शेवटी तिने लॅपटॉप पाठीला मारला, स्कूटी काढली आणि सौंसरचा रस्ता धरला. तासभराचा रस्ता, आणि डोक्यात एकच विचार: तो पाटा कापला गेला तर आपल्या एका शब्दाने गेला.

वर्कशॉपसमोर पाटा आडवा पडलेला होता. त्यावर खडूची रेघ ओढलेली. पुंडलिकरावांच्या हातात कटरची निळी ज्योत.

"काकाजी, थांबा! तीनची म्हणजे तीन सूत ना?"

त्यांनी ज्योत बंद केली, चष्मा वर सरकवला. "मंग का तीन एमेम? एमेमची प्लेट तं कूलरले लागते, बाई!"

भाग्यश्रीला हसूही आलं आणि रडूही. "चूक माझी हाय, काकाजी. तुमचा पाटा पास हाय. एकदम पास! गाडी चढली तरी फक्त चार मिलिमीटर दबते."

"मतलब किती सूत?"

तिने मनातल्या मनात भागाकार केला. "सव्वा सूत."

पुंडलिकरावांनी खिशातून मळकी डायरी काढली आणि तिच्यापुढे धरली. दोन क्विंटल टाकून, दोरा ताणून त्यांनी स्वतः मोजलं होतं. पेन्सिलीने लिहिलेलं, तारखेसकट: दाब सव्वा सूत.

"तुम्ही मोजलं होतं? मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुया कंप्युटर नापास म्हणे," ते म्हणाले. "मले वाटलं, मायाच दोरा ढिल्ला असन."

चाळीस वर्षांचा हात, आणि भाग्यश्रीच्या एका आकड्यापुढे त्याने स्वतःलाच खोटं ठरवलं होतं. ती तिथेच पाट्यावर बसली, लॅपटॉप उघडला आणि नवा अहवाल लिहायला घेतला. प्रत्यक्ष मोजमापाचा रकाना ती नेहमी रिकामा सोडायची. तिथे तिने लिहिलं: सव्वा सूत. मोजणारे, पुंडलिकराव खवसे, सौंसर.

"माह्यं नाव कायले टाकतं?"

"तुम्ही आधी मोजलं, काकाजी. कंप्युटरनं नंतर."

त्यांनी ते नाव पडद्यावर बोट ठेवून वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मग तिचाच फोन मागून घेतला आणि गजाननभाऊंना लावून एवढ्या मोठ्याने ओरडले की रस्त्यावरचे लोक थांबले, "हॅलो, गजानन! कंप्युटर पास झाला!"