बिनखिळ्याचं घर

खिळेकाकांच्या घरात एकही खिळा नव्हता आणि त्यांना नाव पडलं होतं ते त्यावरूनच. रोह्याच्या आमच्या सरकारी वसाहतीत सगळी घरं सारखी होती. दोन खोल्या, पुढे ओटा, वर कौलं, आणि आत आम्ही भाडेकरू. बाकीच्यांच्या भिंतींवर देव, कॅलेंडरं, लग्नातले फोटो, छत्र्या, पिशव्या असं काय वाट्टेल ते लटकलेलं असायचं. काकांच्या भिंती मात्र कोऱ्या. कपडे खिडकीच्या गजाला बांधलेल्या दोरीवर, घड्याळ पिठाच्या डब्यावर, कॅलेंडर ट्रंकेत. तारीख बघायची तर ट्रंक उघडायची. काकी तांदळाच्या डब्याला आरसा टेकवायची आणि जमिनीवर उकिडवी बसून कुंकू लावायची. त्यांची नि आमची मधली भिंत एकच, तीही अर्ध्या विटेची, त्यामुळे तिकडचं बोलणं कान न देताही ऐकू यायचं. काकीचं मागणं वर्षानुवर्षं एकच होतं, आरशापुरता एक खिळा.

काकांचं उत्तरही एकच. "भाड्याची भित हाय. घेतली तशी द्यायची."

हे त्यांनी धरमतरकडून आणलं होतं. त्यांचे आईवडील मिठागरावर राबायचे. हंगामापुरती मालकाची झोपडी मिळायची, पावसाआधी ती परत करावी लागायची, आणि परत घेताना मुकादम भिंतींवरून हात फिरवून बघायचा. एका हंगामात काकांच्या आईने तान्ह्या मुलीची झोळी बांधायला भिंतीत खुंटी ठोकली. मुकादमाच्या हाताला ते भोक लागलं. पुढच्या हंगामात मालकाने त्यांना दारात उभं केलं नाही. त्या वर्षी काकांची ती बहीण गेली. कशाने गेली ते काकांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मी काही त्यांना संत करायला बसलेले नाही. माणूस छळवादी होता. स्वतःच्या घरात खिळा नाही इथवर ठीक, पण दुसऱ्यांच्या भिंतींवरही त्यांचा डोळा. एकदा बाबांनी मधल्या भिंतीत आजोबांच्या फोटोसाठी खिळा मारला, तर पलीकडे काकांच्या गिलाव्याचा टवका उडाला. काका पक्कड घेऊन आले, फोटो उतरवून आईच्या हातात दिला, खिळा उपटला आणि तोही तिच्याच हातात दिला. आई भांडायचंही विसरली. जाता जाता वर म्हणाले, "वहिनी, भित सरकारची हाय. तिला दुखवायचं नाय."

पण हेच काका दर वैशाखात कुणी न सांगता वसाहतीतल्या सगळ्या घरांची कौलं चाळून द्यायचे. कंपनीत रात्रपाळी करून आलेला माणूस भर उन्हात आमच्या छपरावर चढलेला असायचा. आईने सरबत पुढे केलं तर पेला घ्यायचे आणि बजावायचे, कौल सरकारचं आहे, तुमचं नाही, तेव्हा उपकार मानू नका. त्यांच्यामुळे आमचं घर कधी गळलं नाही. मला तर त्यांच्याबद्दल लहानपणापासून माया होती. रागावून झाल्यावर खिशातून चिंचेची गोळी काढून देणारा तो वसाहतीतला एकटाच माणूस होता.

बाबांनी मात्र त्यांच्यावर दात धरला होता, आणि त्याला कारण होतं आमची मोरी. आई उघड्यावर अंघोळ करते म्हणून बाबांनी मागच्या अंगाला चार विटांची मोरी बांधली. काकांनी पेणच्या कचेरीत तक्रारीचं कार्ड टाकलं. खाली स्वतःचं नाव आणि घर नंबर स्वच्छ अक्षरात, लपवाछपवी नाही. साहेब आले, मोरी पाडावी लागली, आणि तो सगळा पावसाळा आईने जुन्या साडीच्या आडोशाला अंघोळ केली. पुढे बाबांनी मोरी परत बांधली. काकांनी परत कार्ड टाकलं असतं, पण या वेळी काकीने त्यांच्यापुढे हात जोडलेले आम्ही भिंतीतून ऐकले. हात जोडलेले ऐकू येत नाहीत हे मला कळतं. पण तिचा आवाज तसा होता.

मग सरकारचा हुकूम आला की वसाहतीतली घरं राहत्या भाडेकरूंना विकत मिळतील. लोकांना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. मारुतीच्या देवळापुढे सभा भरली. सगळे आपल्याच मालकीच्या गप्पा मारत असताना काका उठले आणि म्हणाले, "आपन आलो तवा घरं रिकामी व्हती म्हनून आपल्याला भेटली. आता आपनच ती इकत घेतली तर उद्या जो गरीब येल त्यानं कुठं जायचं?" लोक हसले. बाबा सगळ्यांत मोठ्याने हसले. प्रश्न बरोबर होता असं मला आज वाटतं. तेव्हा मी पण हसले होते.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून काकीचा आवाज आला. ती भांडली नाही. म्हणाली, "गरिबाचं मला ठावं हाय, ती गरीब मीच हाय. तुमी फारम भरा. मला मरायच्या आगोदर उभ्यानी आरशात तोंड बगायचंय."

दुसऱ्या दिवशी काका फॉर्म घेऊन माझ्याकडे आले, माझं अक्षर बरं म्हणून. सगळं मीच भरलं. नंतर ते बाजारात गेले आणि एक खिळा घेऊन आले. एकच. तो कागदात गुंडाळून त्यांनी ट्रंकेत कॅलेंडरावर ठेवला. आता ठोका की, असं मी म्हटलं, तर म्हणाले, कागद हातात येऊ दे.

कागदाआधी पाहणी आली. अट अशी होती की जो खरोखर राहतो त्यालाच घर. घर नुसतं नावावर ठेवून दुसरीकडे राहणारे काही कमी नव्हते. पाहणीचे साहेब वसाहतीतलाच एकेक माणूस पंच म्हणून बरोबर घ्यायचे, आणि आमच्या रांगेसाठी त्यांनी घेतलं बाबांना. ज्याने फळ्या ठोकल्या, माळे काढले, पडव्या वाढवल्या, त्याचं राहणं साहेबांना दारातूनच दिसत होतं. आमच्या मोरीचीही नोंद झाली, दंड भरून कायम करू म्हणाले. आई देवापुढे साखर ठेवायला धावली.

काकांनी साहेब येणार म्हणून दोरी काढून ठेवली होती, वळकट्या बांधून ट्रंकांवर रचल्या होत्या, जमीन सारवल्यासारखी स्वच्छ पुसली होती. साहेबांनी दारात उभं राहून आत पाहिलं आणि विचारलं, सामान कुठाय? काकांनी भाड्याच्या पावत्या दाखवल्या. साहेब म्हणाले, भाडं तर सगळेच भरतात, रेशनकार्ड दाखवा. कार्डावर पत्ता होता धरमतरकडच्या गावाचा. भाड्याच्या घराचा पत्ता स्वतःचा म्हणून लावणं काकांना कधी पटलं नव्हतं. काकी पदर सावरून कोपऱ्यात उभी होती. तिच्याकडे बघून साहेब म्हणाले, "आजच्यापुरतं बिऱ्हाड आणून ठेवलेलं दिसतंय."

काकांना अजून काही कळलं नव्हतं. त्यांनी साहेबांना भिंतीजवळ बोलावलं आणि स्वतःचा तळवा भिंतीवरून फिरवून दाखवला. "बगा साहेब. बावीस वरसं झाली. एक भोक नाय."

साहेबांनी नेमकं तेच लिहून घेतलं. मग बाबांकडे वळून विचारलं, "तुम्ही शेजारी. हे इथं राहतात का?"

मी आमच्या ओट्यावरच उभी होते. सगळं ऐकत होते. बाबांनी आधी काकांकडे पाहिलं, मग मागे आमच्या मोरीच्या दिशेला, आणि म्हणाले, "असतात येऊन जाऊन."

एवढंच. मी पुढे होऊन बोलू शकले असते. मी तेव्हा पेणच्या कॉलेजात शिकत होते, शिकलेली म्हणून मिरवत होते. साहेबांनी नुकतीच आमच्या घरावर बरोबरची खूण केली होती, आणि मी तोंड उघडलं नाही. मला त्याची लाज वाटते.

काकांचा अर्ज नामंजूर झाला आणि घर खाली करायची नोटीस आली. मी त्यांच्यासाठी फेरअर्ज लिहून नेला. वसाहतीतल्या दोन माणसांच्या सह्या लागणार होत्या. काकांनी तो सावकाश वाचला, अक्षर छान आहे म्हणाले, आणि विचारलं, "तुजा बापूस सही देल काय गो?"

त्यांनी फेरअर्जाची घडी घातली आणि चिंचेच्या गोळीसारखी माझ्या हातात ठेवली.

ताबा घ्यायला कारकून आला त्या सकाळी टेम्पो भरून झाला होता. आम्ही घरात दार लावून बसलो होतो. एकाएकी मधल्या भिंतीवर दणके बसू लागले. काकी वरवंट्याने तो खिळा ठोकत होती. एक, दोन, तीन, आणि चौथ्याला आमच्या बाजूच्या गिलाव्याचा टवका उडून आईच्या पुढ्यातल्या परातीत पडला. मग थोडा वेळ काहीच आवाज नाही. तेवढ्यात आरसा टांगून ती उभ्याने तोंड बघत असावी. मग काकांची पक्कड करकरली. भोक चुन्याने बुजवताना ते कारकुनाला सांगत होते, ओलं आहे, जरा थांबा, मग हात फिरवून बघा. कारकून म्हणाला, राहू द्या हो. पण काकांनी त्याला हात फिरवायला लावला. "घेतलं तसं दिलं," हे त्यांचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं.

टेम्पो गेल्यावर बाबांनी काही टवका उडालेली ती जागा बुजवली नाही. पुढे आमच्या घराचा कागद आला. बाबांनी तो चौकटीत बसवून घेतला आणि त्या जागेवरच खिळा मारून टांगला. बाबा गेले, आई गेली, घर आता माझ्या नावावर आहे. दर दिवाळीला रंगारी विचारतो, बाई, चौकट काढू का, मागची भिंत रंगवतो. मी नको म्हणते.