होडीचा उरलेला रंग

डबा उघडला की मावशीची करंगळी आत. करंगळीवरचा रंग डाव्या अंगठ्याच्या नखावर फासायचा आणि दुकानाची पायरी उतरून उन्हात जाऊन उभं राहायचं. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवताहेत आणि ही आपली अंगठ्याकडे बघतेय. मग आत येऊन नाक मुरडायची. "दुकानातला रंग दुकानातच बरा दिसतो, शेठाणी. अजून हिरवा टाक."

शेठाणी म्हणजे मी. डहाणूला स्टेशनकडच्या रस्त्यावर आमचं रंगाचं दुकान आहे. नवरा मालाच्या मागे बाहेर, गल्ल्यावर आणि शेड काढायच्या मशीनवर मी. शेठाणी कसली, संध्याकाळपर्यंत पाय सुजतात. पण ती चिंचणीची मासळीवाली, तिच्या तोंडाला कोण लागणार? बाजारात पाटी रिकामी झाली की कधी चहाला म्हणून, कधी नुसतं बसायला म्हणून यायची. बोंबलाचा वास तिच्या आधी आत यायचा आणि गिऱ्हाईकं सरकून उभी राहायची. "सरका, सरका. घरी जाऊन खाणार तेच ना?" म्हणत ती स्टुलावर बसायची.

रंगासाठी मात्र वर्षातून एकदाच. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, तुम्ही बघितलं असेल. तेव्हा डागडुजी होते, ऑइल पेंट लागतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिला की होडी पाण्यात. तिच्या नवऱ्याची लाकडी होडी होती, मोरपंखी, वर पिवळा पट्टा. होडी रंगवून झाली की डब्याच्या तळाशी थोडा रंग उरतोच. तो मावशीच्या स्वयंपाकघराला लागायचा. आणखीही काही घरांत असं करतात, पण त्यांचं उरलं म्हणून लावलं. मावशीचा नेम होता. होडीचा रंग तोच चुलीमागच्या भिंतीचा, वेगळा चालायचा नाही.

मी एकदा विचारलं, का गं? तर म्हणाली, "तो पाण्यात बघतो तेच मी घरात बघते. मग लांब हाय असं वाटत नाय." हे लाजून बिजून नाही हं, पापलेटचा भाव सांगावा तसं सांगितलं.

तिच्या मुलाच्या लग्नाआधी पूजेला मी तिच्याकडे जेवले आहे. छातीपर्यंत मोरपंखी, वर पिवळं आणि सगळं असं चकचकीत की ट्यूबलाइट भिंतीत दुसरी दिसावी. ऑइल पेंटचा वास आठवडाभर जात नाही. तळलेल्या सुरमईला टर्पेंटाइनची चव होती म्हटलं तरी चालेल. मी गपचूप खाल्ली. पूजेच्या दिवशी काय बोलणार?

आणि आमच्या धंद्यात तोवर काय चाललं होतं ते ऐका. माणसं मोबाइल पुढे करायची. "ताई, हा असाच." बघावं तर राखाडी. डहाणूपासून तलासरीपर्यंत जिथे नवीन घर उठेल तिथे आतून राखाडी, आणि टीव्हीच्या मागची एक भिंत काळपट निळी. राखच हवी तर फुकट मिळते, असं ओठावर यायचं, पण दुकान चालवायचं असतं. मग राखाडीचा कंटाळा आला आणि मातीचे रंग आले. गंजाडचे एक मास्तर हॉलच्या एका भिंतीसाठी विटकरी रंग घेऊन गेले, परदेशी नावाचा. त्यांची आई बरोबर होती. डब्यावरचा ठिपका बघून म्हणाली, "हा तर गेरू. आपल्या भिंतीवरचा तूच खरवडून सिमेंट लावलंस ना?" मास्तर डबा उचलून चालू लागले.

तर मावशीचा मुलगा. तो तारापूरला कंपनीत, समुद्रावर कधी गेला नाही. लग्न ठरलं तसा तोही मोबाइल घेऊन आला, मावशी बरोबर. हॉल राखाडी, आतली खोली फिकट हिरवी आणि स्वयंपाकघर दुधाळ पांढरं. मावशीने हॉल दिला, खोली दिली. स्वयंपाकघराला नाही म्हणाली.

"आई, होडीचा रंग घरात बघून लोक हसतात."

"हसू दे. हसायला आत येतात ना? दारातनं परत तर जात नाय."

"तिच्या घरचे काय म्हणतील?"

"मी त्यांच्या घरी जाऊन काय बोलते का, ही भिंत अशी का म्हणून?"

पोरगा माझ्याकडे बघू लागला. मी मशीनमध्ये डोकं घातलं. हॉल राखाडी झाला, स्वयंपाकघर मोरपंखी राहिलं आणि लग्न व्यवस्थित पार पडलं. सून शहाणी निघाली. भिंतीबद्दल ती कधी काही बोलली नाही.

मग मावशीचा नवरा गेला. समुद्रात नाही. दुपारी ओट्यावर जाळं विणत बसला होता तो तसाच कलंडला. दिवस झाल्यावर मावशी बाजारात आली, पाटी घेऊन बसली. मी भेटायला गेले तर म्हणाली, "बस. चहा घेतेस?" मला रडू आलं, ती चहावाल्याला हाक मारत होती. त्या वर्षी होडीला रंग लागला नाही आणि घरालाही नाही. वर्ष व्हायच्या आत घराला हात लावत नाहीत.

लाकडी होडी किनाऱ्यावर पडून राहिली की फळ्या सुकतात आणि सांधे उघडतात. वर्षश्राद्ध झालं तेव्हा मुलगा म्हणाला, विकूया. मावशी नको म्हणाली नाही. तिला होडी मोडलेली बघायची नव्हती, चालती हवी होती, मग कुणाच्या का हाताने असेना. गिऱ्हाईक तिनेच शोधलं. तलासरीच्या टोकाला, गुजरातच्या हद्दीजवळ समुद्रावर झाई आहे ना, तिथला एक तांडेल, स्वतःच होडी हाकणारा. आणि पौर्णिमेच्या आधी त्याला घेऊन ती दुकानात आली. "ह्याला रंग पायजे. म्हटलं, तुझ्याकडेच घ्यावा."

"बेन, लाल काढ ने," तांडेल म्हणाला. मग त्यालाच कसंतरी वाटलं असावं. मावशीकडे वळून म्हणाला, "तुमचा रंग सारो हतो, मावशी. पण आमच्यात लालच. बापाच्या वेळेपासून."

"लालच लाव. होडी तुझी हाय," मावशी म्हणाली. "पण दोन हात मार. आमचा रंग एका हाताने झाकत नाय."

"दोन मारतो."

मी लाल काढला. मशीन डबा हलवत होतं आणि आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत उभी होतो. तांडेल डबे रिक्षात ठेवायला गेला, तेव्हा मावशी म्हणाली, "त्यातलाच अर्धा लिटर मला काढ."

"तुला कशाला?"

"कशाला म्हणजे? घराला."

"मावशी, अगं लाल? स्वयंपाकघरात?"

"होडी आता लाल झाली ना," ती म्हणाली. मला हे कळत कसं नाही असा तिचा चेहरा होता.

दोन दिवसांनी मुलाचा फोन. "काकी, तुम्ही आईला लाल कसा दिलात? चूल पेटल्यावर घराला आग लागल्यासारखं दिसतं." मी म्हटलं, बाबा, मी रंग विकते, माणसं समजावत नाही. मागून सुनेचा आवाज आला, "राहू दे ना. मीच स्टूल धरून उभी होते." त्यावर त्याने फोन ठेवला.

ते वर्ष मावशी बरी होती. झाईच्या बायका बाजारात यायच्या, त्यांना विचारायची, होडी गेली का, आली का, काय मिळालं. मग मला येऊन सांगायची, "काल जाळ्यात घोळ लागली म्हणे. मोठी." जशी तिच्याच घरात आली. मी म्हणायचे, वा. आणखी काय म्हणणार? ती खुशीत आहे हे बघून मलाच बरं वाटायचं.

पुढच्या पावसाळ्यात ती आली आणि पाटी पायरीवर ठेवली. "झाईवाला येऊन गेला?"

"नाही गं."

"येईल. अजून वेळ हाय."

पुन्हा आली, पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, तो उंबरगावला घेत असेल, त्याला तेच जवळ. तर म्हणाली, "मग विचार ना तिकडे, कुठला नेला." मी आमच्या माल पोचवणाऱ्याला सांगून ठेवलं. त्याच्याकडून काही कळायच्या आधी तीच आली. पौर्णिमा तोंडावर आली होती. स्टुलावर बसली नाही.

"तोडली त्याने," ती म्हणाली.

"काय तोडली?"

"होडी. फायबरची घेतली. लाकूड जुनं झालेलं, पाणी घेत होतं, म्हणून तोडली. फळ्या जळणाला गेल्या." तिच्या आवाजात काही नव्हतं. एसटी चुकली हे सांगतानाही माणूस याहून जास्त चिडतो. मी काउंटरच्या बाहेर आले, तिच्या दंडाला हात लावला. ती तशीच उभी होती. माझा हात तिला कळला की नाही, देव जाणे.

मग म्हणाली, "हल्ली लोक घरात काय लावतात?"

मला आधी समजलंच नाही. मग मी बोलत सुटले. राखाडी मागे पडलाय मावशी, आता बिस्किटासारखा, सायीसारखा, फिकट मातीसारखा, असेच चालतात. कार्ड पुढे केलं. तिने ते हातात घेतलं नाही.

"त्यातला कुठला पण दे."

मी बिस्किटी काढला. मशीन फिरत होतं तोवर शांत बसवेना म्हणून मी सगळ्यांना सांगते तेच सांगत राहिले. हा ऑइल पेंट नाही, वास येत नाही. तेलाचा, धुराचा डाग ओल्या फडक्याने जातो. दरवर्षी हात मारावा लागत नाही.

"किती टिकतो?"

"नीट लावला तर पुष्कळ वर्षं, मावशी. बघायलाच नको."

"बरं," ती म्हणाली. "मग आता यायला नको." राग नाही, टोमणा नाही, कामाची गोष्ट ठरवावी तशी ठरवली. डबा पाटीत ठेवला, पाटी डोक्यावर घेतली आणि रस्ता ओलांडून गेली.

बाजारात तिच्या जागी आता दुसरी बसते. तिला विचारलं तर म्हणते, गुडघे गेले तिचे, घरीच असते. चिंचणी काही लांब नाही. जाईन जाईन म्हणते आणि दारात उभं राहून काय बोलायचं ते सुचत नाही म्हणून राहतं. पौर्णिमा आली, गेली. त्यानंतरचीही गेली. होडीवाले येतात, रंग नेतात. ती काही आली नाही. भिंत चांगली राहिली असणार.