मास्तरांचा उजवा पाय

मास्तर शाळेत शिकवत नाहीत, गाडी चालवायला शिकवतात. पण तोरा असा, की शाळेतल्या मास्तरांनीही दबून असावं. त्यांच्या गाडीत दोन ब्रेक. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. शिकणारा गडबडला की मास्तरांचा उजवा पाय आपसूक खाली जातो आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. इतकी वर्षं हेच केल्यावर तो पाय आता खुद्द मास्तरांचंही ऐकत नाही. बसमध्ये बसले तरी दाबतो. दूध उतू जायला लागलं तरी दाबतो. टीव्हीवर मांजर रस्त्यात आडवं आलं, तरी हा आपला फरशी दाबून मोकळा! "अहो, फरशी झिजली तिथली," बायको म्हणते, आणि त्यांच्या खुर्चीपुढची फरशी खरंच गुळगुळीत झाली आहे.

त्यांची मुलगी विद्यापीठात कंप्युटर शिकत होती. दुसरं वर्ष. हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस त्या भागात औषधालाही सापडला नसता, कारण मास्तर ते क्लचच्याही आधी शिकवत. "आरसा नीट करा. बेल्ट लावा. माझी मुलगी कंप्युटर इंजिनिअर होतेय. हं, आता चावी फिरवा."

तर एका रविवारी दुपारी, जेवताना, ही मुलगी म्हणाली, "बाबा, मला कंप्युटर सोडावंसं वाटतंय."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "नापास झालीस?"

"नाही हो. मार्क चांगले आहेत. तीच तर पंचाईत आहे. मला भूगर्भशास्त्राला जावंसं वाटतंय. जमीन, डोंगर, दगड. विषय बदलायची मुभा या महिनाअखेरपर्यंतच आहे. आणि माझं एक वर्ष मागे पडेल."

टेबलाखाली धप्प झालं.

"दाबलात ना ब्रेक?" मुलगी हसत म्हणाली खरी, पण डोळे भरले होते. "माझं ठरतच नाहीये, बाबा. तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला. पुन्हा काढणार नाही."

आणि ती शब्दाची पक्की होती. मास्तरांनी एकदा 'नको' म्हटलं असतं तर दगड गेले असते खड्ड्यात आणि कंप्युटर राहिला असता कायमचा. 'नको' अगदी जिभेच्या शेंड्यावर होतं. पण पडद्याच्या रंगावरूनही बापाशी तासभर हुज्जत घालणारी ही पोर आपलं आख्खं आयुष्य असं त्यांच्या हातात देऊन गप्प बसली, हे काही त्यांच्या पचनी पडेना. ते चिडलेच. "उद्या सकाळी गाडी काढ," एवढं म्हणून ते उठले.

सकाळी ती चालवत होती, मास्तर शेजारी. गावामागच्या चढावर, जिथे डोंगर कापून रस्ता काढलाय आणि जिथे नवशिके चढावर गाडी उचलायला शिकतात, तिथे तिने मध्येच गाडी थांबवून हँडब्रेक ओढला.

"शाळा सुटल्यावर तुम्ही मला मागच्या सीटवर बसवायचात, आई कामावरून येईपर्यंत. आठवतंय? इथे येऊन सगळे गाडी बंद पाडायचे, तुम्ही ओरडायचात, आणि मी हे बघत बसायचे." तिने डोंगराच्या कापलेल्या अंगाकडे बोट दाखवलं. "तो काळा थर लाव्हाचा. त्याच्यावर ती लाल रेघ दिसते? ती माती आहे, भाजलेली. लाव्हा थंड झाला, त्याची माती झाली, झाडं उगवली, इतका काळ मध्ये गेला, बाबा! आणि मग पुन्हा वरून नवा लाव्हा आला."

ती बोलतच राहिली. मास्तरांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण एक गोष्ट त्यांना पक्की कळते. नवा माणूस आधी सारखा पायांकडे बघतो, आणि एक दिवस मान वर करून रस्त्याकडे बघायला लागतो. कंप्युटरबद्दल बोलताना ही कधी अशी बोलली नव्हती. छे, कधीच नाही.

"मग काय करू?" तिने विचारलं.

"मला विचारू नकोस," मास्तर खेकसले. "हो म्हणून चुकलं तर माझ्या नावाने खडे फोडशील. नको म्हटलं तर जन्मभर मनातल्या मनात फोडशील. तुझं तू ठरव. मी ओरडणार नाही."

"आणि पाय?"

"त्याचं बघू."

पुढचे काही दिवस मास्तरांनी घरात हूं की चूं केलं नाही. सगळा राग शिकणाऱ्यांच्या वाट्याला आला, बिचारे! मग एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, "उद्या विभागप्रमुखांना भेटायला जातेय. येता?"

विभागाच्या बाहेर लांब व्हरांडा, काचेच्या कपाटांत दगड, आणि एक लाकडी बाक. मुलगी आत गेली. दार अर्धवट उघडंच होतं.

"इतके चांगले मार्क असताना वर्ष कशाला वाया घालवताय?" आतला आवाज करडा होता. "उद्या पस्तावलात तर परत जाता येणार नाही."

मास्तरांना अजूनही उठून दारात उभं राहता आलं असतं. पाय शिवशिवायला लागला, तसे त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि बाकावर घट्ट मांडी घातली.

"घरून कोणी सांगितलं का हे करायला? कोणी ठरवलं?"

"मी," मुलगी म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "मी ठरवलंय, सर."

मास्तरांचा ऊर भरून आला. कंप्युटरचं सगळ्या गावाला सांगतानाही तो कधी असा भरून आला नव्हता.

तेवढ्यात शिपाई आला. "काका, पाय खाली घ्या. बाक आहे हा, घर नाही."

"राहू दे रे बाबा," मास्तर नाक पुसत म्हणाले. "खाली सोडला की दाबला जातो."

शिपायाला काहीच उमजलं नाही. "आत कोण आहे तुमचं?"

"मुलगी," मास्तर म्हणाले. "दगड शिकणार आहे. तिचं तिने ठरवलंय."