उंदराची जखम भरली, मॅडम

आज शैला मॅडमना जाऊन वर्ष झालं, आणि मी लई खूश आहे.

गैरसमज नको. सांगते.

मॅडम माझ्या पीएचडीच्या गाइड. मूळच्या वळसंगच्या. सोलापुरातल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये आम्ही एक जेल बनवत होतो. पाण्यानं भरलेली मऊ जेली. तिच्यात ग्रोथ फॅक्टर, म्हणजे जखम भरायला पेशींना कामाला लावणारं प्रोटीन.

शुगरवाल्यांच्या पायाच्या जखमेवर लावायची. प्रोटीन रोज थोडं थोडं सुटलं पाहिजे.

आमचं सगळं पहिल्याच दिवशी सुटायचं.

परत करा. परत फेल.

त्यातच मॅडमना कॅन्सर निघाला.

एका दुपारी त्यांचा फोन. "काय करायलीस? सोड ते. अगं, आत्ता सिस्टरनं माझ्या सलाइनच्या नळीत हेपॅरिन सोडलं, रक्त गोठू नये म्हणून!"

"मग?"

"मग काय मग! ग्रोथ फॅक्टर हेपॅरिनला धरून बसतं की! शिकवलंय मी तुला. जेलमध्येच हेपॅरिन बांधून टाकू!"

मी बांधलं.

पहिला दिवस, थोडंसं सुटलं. दुसरा दिवस, थोडंसं. आठवडा गेला तरी सुटतच होतं. हळूहळू!

मी ग्राफची प्रिंट घेऊन थेट हॉस्पिटलमध्ये. मॅडमनी कागद बघितला आणि अख्खा वॉर्ड दणाणून सोडला. "आलं गं आलं!" सिस्टर धावत आल्या.

शेजारच्या खाटेवर मंद्रूपच्या एक आजी. शुगरनं पाय चिघळलेला, बोट काढायचं चाललेलं. त्यांनी विचारलं, "काय झालं वो बाई? नातू झाला का?"

मॅडमनी त्यांना सगळं समजावलं. अर्धं मराठीत, अर्धं कानडीत.

"मग माज्या पायाला कवा लावनार?"

मॅडम म्हणाल्या, "आधी उंदराला लावून बघायचंय, आजी."

"मग लावा की बिगीबिगी उंदराला!"

वॉर्ड हसला. मॅडम हसल्या नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "परवानगीचा अर्ज आजच लिही. मी सही करते."

सही केली. परवानगी यायच्या आधीच त्या गेल्या.

आणि या आठवड्यात, मित्रांनो, जेल लावलेल्या उंदरांच्या जखमा भरल्या! नुसत्या पट्टीवाल्या अजून ओल्या आहेत, आणि आमच्यांवर गुलाबी, कोवळी कातडी!! माणसापर्यंत पोचायला अजून वेळ आहे, माहितीय. पण भरल्या!

हात आपोआप मॅडमच्या नंबरवर गेला. फोन त्यांच्या मिस्टरांनी उचलला.

"सर, जखम भरली."

ते म्हणाले, "थांब, स्पीकर लावतो. पोरी इथंच आहेत. आता सांग, पहिल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं.

मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीचा वाकून नमस्कार. निवांत राहा.