पाळकसाहेब उठले

तोंडातला चहा आधी गिळा, मग ऐका. नाहीतर ठसका लागेल आणि नाव माझं! मी चर्चचा पाळक माणूस. दर रविवारी दुसऱ्यांच्या चुका सांगतो. आज माझी सांगतो, आणि ती साधीसुधी नाही.

शिरवळजवळच्या आमच्या मंडळीत मी एकवीस वर्षं पाळक. आता निवृत्तीला आलो. माझ्यामागं उपदेश करणार कोण? म्हणून वर्षभर राहेलबाईंना तयार करत होतो. बाई कारखान्यात सुपरवायझर. तिथं गड्यांना घाम फोडतील, पण चर्चमध्ये बोलायचं म्हटलं की शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या.

"साहेब, एकदाच बोलून बघते. फजिती झाली तर परत माझं नाव काढायचं न्हाई," त्यांनी बजावलं.

"आवं बाई, मी हाय की पुढच्याच बाकावर! कशाला भिता?"

तेच तर चुकलं ना!

रविवारी बाई उभ्या राहिल्या. तीनच मिनिटं झाली असतील, छान बोलत होत्या, आणि माझ्या पोटरीत गोळा आला. असा काही आला की विचारू नका! पाय झटकायला मी उठलो.

आता आमच्याकडं पाळक उठला की मंडळी उठते. मीच लावलेली सवय! मागं बघतो तर सगळे उभे. बाईंचा उपदेश अर्ध्यावर थांबला.

मी घाबरून हात वर केला. बसा, बसा! पण पाळकानं हात वर केला म्हणजे काय? शेवटचा आशीर्वाद! सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. आता माझी खूण बघणार कोण?

पेटीवाल्या शमुवेलला वाटलं, आशीर्वाद झाला. त्यानं शेवटचं गीत धरलं. ते ऐकून बायका चहा टाकायला निघाल्या. कुणीतरी दार सताड उघडलं.

माझ्या बायकोनं डोळे वटारले. "आवं, काय चाललंय तुमचं? तिचा उपदेश व्हायचाय अजून!"

वर राहेलबाईंचा चेहरा पांढराफटक. त्यांची वर्षभराची मेहनत मी मिनिटात पाण्यात घातली होती. लय वाईट वाटलं हो. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेवढ्यात माइक कडाडला.

"शमुवेल, पेटी बंद! दारातल्या बायका, आत या! बसा समदी!"

कारखान्यातला आवाज तो! सगळे धपाधप बसले. उभा राहिलो मी एकटा.

"आन् पाळकसाहेब, तुमी त्या खांबामागं बसा. मला दिसू नका."

गेलो मुकाट्यानं. आणि बाई काय बोलल्या म्हणून सांगू! अर्धा तास एक माणूस हललं नाही. खांबाआड मी डोळे पुसत होतो.

शेजारी म्हातारे योहानआबा बसलेले. उपदेश संपला तशी त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "साहेब, उठायचं का आता?"

"गप बसा आबा," मी म्हटलं. "बाईंनी अजून सांगितलं न्हाई!"