शोभाअक्का आणि ओट्यावरच्या झेंडूच्या बाटल्या

माझ्या लेकाला पुरलं होतं तिथे पाणी घालत बसलेल्या चार पोरांना मी दगड मारून हाकललं होतं.

अकरा वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही.

आज लिहितेय, कारण त्या पोरांच्या शोभाअक्का आज पहाटे धुळ्यात वारल्या.

एरंडोलजवळच्या आमच्या गावात त्या अंगणवाडी सेविका होत्या. माझा पार्थ त्यांच्याकडे जायचा. चार वर्षांचा होता.

त्या वर्षी अक्कांनी पोरांना फूल कसं येतं ते शिकवायला घेतलं. तक्त्यावर बोट ठेवून नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या अर्ध्या कापल्या, पोरांकडूनच माती भरून घेतली. सुकलेला झेंडू कुस्करून प्रत्येकाच्या हातावर एक एक बी ठेवलं. बाटलीवर मार्करने ज्याचं त्याचं नाव. सगळ्या बाटल्या अंगणवाडीच्या ओट्यावर ओळीने.

पार्थ घरी येऊन मला शिकवायचा. "आई, बी माटीमा जपेल शे. पानी टाकं का उठस."

बी मातीत झोपलंय, पाणी घातलं की उठतं. दिवसातून दहा वेळा तेच.

दुसऱ्याच दिवशी त्याने बी उकरून बघितलं, तेव्हा अक्का रागावल्या नाहीत म्हणे. "राजा, घाई करू नको. त्याला त्याचा टाइम लागतो," एवढंच.

मग ताप आला. साधा वाटला. दुसऱ्या दिवशी झटके. जळगावला आयसीयूत दोन रात्री. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले.

एवढ्या लहान लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत. पुरतात. नदीपलीकडे, बाभळींच्या मागे.

बायकांनी तिथे जायचं नसतं. मी आठव्या दिवशी कोणाला न सांगता गेले.

तर तिथे ही चार पोरं उकिडवी बसलेली. गळ्यातल्या वॉटरबॅगमधलं पाणी मातीवर ओतत होती. त्यातली मोठी शेजारची गौरी. सहा वर्षांची.

मला बघून ती हसली. "काकू, आम्ही रोज टाकतो पाणी. पार्थ आते उठी." आता उठेल म्हणे.

मी दगड उचलला. लागला नाही कोणाला. लागला असता तरी मला त्या वेळी काही वाटलं नसतं, हे खरं आहे.

तिथून तशीच अंगणवाडीत गेले. दारातूनच ओरडले. "काय शिकवलं तुम्ही या पोरांना? माझा पोरगा म्हणजे बी आहे का?"

अर्धं गाव गोळा झालं. मी ओट्यावरच्या बाटल्या लाथेने उडवल्या. एक एक करून सगळ्या.

शेवटची पायाशी येऊन थांबली. तिच्यावर नाव होतं, पार्थ. कोंब वर आला होता. दोन पानं.

अक्का खाली बसल्या. सांडलेली माती हाताने गोळा करत राहिल्या. मान वर न करता म्हणाल्या, "चुकलं माझं, वैशाली."

बस. एवढंच बोलल्या.

पुढे ह्यांनी लेखी तक्रार केली. तालुक्याच्या मॅडम येऊन अक्कांकडून खुलासा लिहून घेऊन गेल्या. काही घरांनी पोरं पाठवणं बंद केलं. रिटायर होईपर्यंत अक्कांनी परत कुठल्या पोराच्या हातावर बी ठेवलं नाही. गाणी घेतली, अंक घेतले, खिचडी वाढली. ओटा रिकामाच राहिला.

आम्ही जळगावला आलो. मला वाटायचं, मी बरोबरच केलं.

गेल्या वर्षी गौरी अकरावीच्या ॲडमिशनसाठी जळगावला आली, माझ्याकडेच उतरली. जेवताना कसा कोण जाणे, विषय निघाला. मी म्हटलं, "अक्कांनी तुमच्या डोक्यात नको ते भरवलं होतं."

तिचा घास हातातच राहिला.

"काकू, अक्का तर आम्हाला म्हणाल्या होत्या, पार्थ मेला. तो परत येणार नाही. आम्ही भांडलो त्यांच्याशी. खोटं बोलता म्हणालो."

"मग?"

"तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, तो झोपलाय म्हणून."

मला आठवलं.

पार्थ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ही पोरं दारात आली होती, त्याला खेळायला बोलवायला. मेला हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. मी म्हटलं होतं, "तो जपेल शे. जा तुम्ही."

"अक्कांना माहीत होतं हे?"

"मीच सांगितलं होतं त्यांना, तुम्ही बाटल्या उडवल्या त्याच दिवशी. त्या म्हणाल्या, हे कोणाला सांगू नको. काकूला आधीच खूप झालंय."

त्याच आठवड्यात मी धुळ्याला गेले. अक्का मुलीकडे राहत होत्या. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, बोलणं जड. मला वाटलं ओळखणार नाहीत. ओळखलं.

मी पाय धरले. 

त्यांनी डाव्या हाताने मला वर ओढलं. तुटक तुटक विचारलं, "पार्थ... कितवीला असता गं?"

"नववीला, अक्का."

"आवाज फुटला असता त्याचा."

मी रडले, त्या रडल्या. माझ्या घरातसुद्धा आता कोणी त्याचं वय मोजत नाही.

परत येईन म्हटलं होतं. दिवाळीत म्हटलं, मग संक्रांतीला म्हटलं. गेले नाही.

आज सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला.

तेव्हा मी गावासमोर ओरडले होते. म्हणून हे पण सगळ्यांसमोर लिहितेय. चूक अक्कांची नव्हती. माझी होती. त्यांना ते माहीत होतं आणि त्या गप्प राहिल्या.

बस पारोळ्याला थांबलीय. पोहोचेपर्यंत त्यांना घेऊन गेलेले असतील बहुतेक.

श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला येत नाहीत.

अक्का, येतेय. उशीर केला मी.